व्हिसाचं प्रकरण अर्ध्यावर आहे आणि वकील बदलायचाय? मग आधी श्रीगोंद्याच्या कोर्टातली सवय विसरा

श्रीगोंद्याच्या कोर्टात वाटणीचा दावा चालू असलेल्या कुणालाही विचारा. वकील बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आधीच्या वकीलसाहेबांची एनओसी आणली का?" नवे वकील वकीलपत्र द्यायला तयार असतात, पण त्यावर जुन्या वकिलांची 'हरकत नाही' अशी सही हवी असते. जुने वकील म्हणतात, आधी राहिलेली फी द्या, मग सही. यात दोन-तीन तारखा सहज निघून जातात.

ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तालुक्यातला मुलगा न्यू जर्सीत किंवा टोरांटोत असला, त्याचा ग्रीन कार्डाचा किंवा पीआरचा अर्ज रखडलेला असला आणि तिकडचा वकील ईमेलला उत्तर देत नसला, तरी तो आणि घरचे याच सहीची वाट बघत बसतात. "त्यांनी सोडल्याशिवाय दुसरा वकील कसा करणार?" अशी समजूत असते.

ती चुकीची आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या इमिग्रेशन खात्यांकडे प्रलंबित अर्ज असेल, तर नवा वकील नेमायला जुन्याची परवानगी लागत नाही. मात्र तिथे अडचणी वेगळ्याच ठिकाणी असतात आणि त्या आपल्याकडच्या सवयीमुळे लक्षात येत नाहीत.

आपल्याकडे एनओसी का लागते?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ नुसार वकिलाची नेमणूक लेखी असते, ती कोर्टात दाखल होते आणि एकदा दाखल झाली की खटला संपेपर्यंत चालू राहते. मध्येच संपवायची तर पक्षकाराने किंवा वकिलाने लेखी द्यायचं आणि त्याला कोर्टाची परवानगी घ्यायची. त्याच्या जोडीला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ३९ वा नियम आहे. एका वकिलाचं वकीलपत्र दाखल असेल तर त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याने त्या प्रकरणात उभं राहू नये, असं तो सांगतो.

पण त्याच नियमात पुढे जे लिहिलंय ते कट्ट्यावरच्या चर्चेत कुणी सांगत नाही. संमती मिळत नसेल तर नव्या वकिलाने कारण देऊन कोर्टाकडे अर्ज करायचा आणि कोर्टाच्या परवानगीने काम सुरू करायचं. म्हणजे सही अडवून पक्षकाराला कायमचं धरून ठेवता येत नाही.

फाईल अडवण्याबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट निकाल दिला आहे. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हे ते प्रकरण. सक्सेना हे मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेचे कायदेशीर सल्लागार होते. बँकेने १९९३ मध्ये त्यांचं काम थांबवलं आणि फायली परत मागितल्या. सक्सेनांनी ९७ हजार रुपयांहून जास्त फी बाकी असल्याचं सांगून फायली ठेवून घेतल्या. बार कौन्सिलने त्यांची सनद १८ महिन्यांसाठी निलंबित केली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ताकीद देण्यापर्यंत खाली आणली, पण तत्त्व पक्कं केलं: फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवता येणार नाहीत. फीसाठी वेगळा मार्ग आहे, कागद परत द्यावेच लागतील. सहकारी बँका आणि साखर कारखान्यांच्या तालुक्यात हा निकाल खरं तर पाठ असायला हवा.

अमेरिकेत काय होतं?

तिथे वकीलपत्राच्या जागी जी-२८ नावाचा फॉर्म असतो. त्यावर अर्जदार आणि वकील दोघांच्या सह्या असतात. ग्रीन कार्ड, नागरिकत्व, वर्क परमिट असे अर्ज ज्या खात्याकडे जातात त्या यूएससीआयएसकडे हा फॉर्म जोडला की खात्याची पत्रं वकिलालाही जाऊ लागतात. वकील बदलायचा असेल तर नवा वकील त्याच रिसीट नंबरवर नवा जी-२८ दाखल करतो. जुन्याची सही लागत नाही आणि जी-२८ ला सरकारी फीही नाही. जुना वकील आजारी असो, परागंदा असो की रागावलेला असो, त्याने काही अडत नाही.

दुसरी भीती असते रांगेची. वकील बदलला तर नंबर मागे जाईल का? नाही. भारतीयांसाठी नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची रांग वर्षानुवर्षांची आहे आणि त्या रांगेतली जागा 'प्रायॉरिटी डेट'ने ठरते. ती तारीख अर्जाची असते, वकिलाची नव्हे.

मुदत मात्र थांबत नाही. यूएससीआयएसने जादा पुरावे मागितले, ज्याला तिकडे आरएफई म्हणतात, तर उत्तराला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात आणि नियमानुसार ती मुदत वाढवून देता येत नाही. अर्ज नाकारण्याच्या इराद्याची नोटीस आली असेल तर जास्तीत जास्त ३० दिवस. 'वकील बदलतोय, पुढची तारीख द्या' हे आपल्या कोर्टात सर्रास चालणारं वाक्य तिथे चालत नाही. आरएफई येऊन दोन महिने झाले आणि मग नवा वकील शोधायला निघालं, तर त्याच्या हातात जेमतेम तीन-चार आठवडे उरतात. त्यात जुन्याकडून फाईल यायची असते. म्हणूनच चांगले वकील असं प्रकरण घेताना पहिला प्रश्न शेवटच्या तारखेचा विचारतात. ज्याने तो विचारलाच नाही, त्याच्याबद्दल थोडी शंका घ्यायला हरकत नाही.

एक अपवाद महत्त्वाचा. प्रकरण यूएससीआयएसकडे नसून इमिग्रेशन कोर्टात असेल, म्हणजे देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू असेल, तर तिथे जी-२८ चालत नाही. वेगळा ईओआयआर-२८ फॉर्म लागतो आणि जुन्या वकिलाच्या जागी नवा येण्यासाठी न्यायाधीशांची परवानगी मागावी लागते. इथे परिस्थिती श्रीगोंद्याच्या कोर्टासारखीच होते, फक्त परवानगी वकिलाची नसून न्यायाधीशाची असते.

मुळात तो वकील कुणाचा आहे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पुण्या-बंगळुरूतून कंपनीतर्फे गेलेल्या मुलांना वाटतं, 'आपला' वकील काम नीट करत नाही, बदलून टाकू. पण एच-१बी चा अर्ज मुलाचा नसतो, कंपनीचा असतो. ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-१४० हा अर्जही कंपनीचाच असतो. कंपनी अर्जदार, तिने नेमलेला वकील तिचा. कर्मचारी हा लाभार्थी असतो आणि लाभार्थ्याला कंपनीचा वकील बदलता येत नाही. उद्या शेजाऱ्याने आपल्या नावावर जमीन करायचं ठरवलं आणि त्यासाठी वकील लावला, तर तो वकील बदलायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. तसंच हे.

शेवटचा टप्पा म्हणजे आय-४८५. हा अर्ज मात्र कर्मचाऱ्याचा स्वतःचा असतो. त्यासाठी त्याला स्वतःचा वकील नेमता येतो, कंपनीचा वकील आधीचं सगळं करत आला असला तरी. अनेक कंपन्या सोयीसाठी हेही काम आपल्याच वकिलाकडे देतात आणि मग तो वकील एकाच वेळी दोघांचा होतो. सगळं सुरळीत असेपर्यंत यात काही बिघडत नाही. नोकरी बदलायची वेळ आली की बिघडतं. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले असतील तर तशाच स्वरूपाच्या कामाची दुसरी नोकरी धरूनही अर्ज चालू ठेवता येतो. पण हा सल्ला जुन्या कंपनीचे पैसे घेणाऱ्या वकिलाकडे मागायचा कसा? त्याने कुणाचं हित बघायचं? अशा वेळी स्वतःच्या पैशाने स्वतःचा वकील करणं आणि त्याच्याकडून आय-४८५ वर स्वतंत्र जी-२८ दाखल करून घेणं हाच सरळ मार्ग आहे. तो थोडा महाग पडतो, पण इथे काटकसर करू नये.

मुलगा अमेरिकन नागरिक झाला आणि त्याने काष्टीतल्या किंवा बेलवंडीतल्या आई-वडिलांसाठी अर्ज केला, तर तिथेही हाच नियम. आय-१३० हा अर्ज मुलाचा, वकील मुलाचा. बदलायचा निर्णय आणि सही मुलाची. गावाकडे बसलेल्या वडिलांनी वकिलाला फोन करून 'आता तुम्ही नको' म्हटलं तर त्याला कायद्याने काही अर्थ नाही. वडिलांच्या नावावरचे पुढचे अर्ज सुरू झाले की गोष्ट वेगळी.

फाईल परत घेताना गावाकडचे कागद

वकील बदलताना खरं काम असतं फाईल हातात घेण्याचं. त्यात काय हवं? सरकारकडे गेलेल्या प्रत्येक अर्जाची जशीच्या तशी प्रत, सगळ्या पोचपावत्या, आलेली प्रत्येक नोटीस, तिला दिलेलं उत्तर, आणि दिलेले मूळ कागद. अमेरिकेत वकिलांच्या आचारसंहितेचं जे नमुना रूप आहे त्यात नियम स्पष्ट आहे: पक्षकाराने काढून टाकल्यावर वकिलाने बाजूला व्हायचं, पक्षकाराचे कागद द्यायचे आणि न केलेल्या कामाची आगाऊ घेतलेली फी परत करायची. फी बाकी असताना फाईल किती अडवता येते याचे तपशील मात्र राज्यागणिक बदलतात. आपल्याकडे सक्सेना निकालाने जसं एका फटक्यात दार बंद केलं, तसं तिथे सगळीकडे नाही.

फाईल मिळालीच नाही तर? माहिती अधिकारासारखा कायदा तिकडेही आहे. यूएससीआयएसकडे स्वतःच्या फाईलची प्रत ऑनलाइन मागता येते. कॅनडात आणि ब्रिटनमध्येही तशी सोय आहे. वेळ लागतो, म्हणून वकिलाशी वाद सुरू आहे असं दिसताच मागणी करून ठेवलेली बरी.

श्रीगोंद्यासारख्या ठिकाणाहून गेलेल्या फायलींचं एक खास दुखणं आहे. ज्यांचा जन्म १९५०-६० च्या आसपास वाडी-वस्तीवर झाला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माचा दाखलाच नसतो. मग 'नोंद आढळत नाही' असं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं असा दुय्यम पुरावा गोळा केला जातो. कुणाचं नशीब जोरावर असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात, नोंद सापडते. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे बुक आता घराघरांत माहीत झालं आहे. या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर होतं. त्यासाठी नोटरी लागत नाही, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं प्रमाणपत्र पुरतं.

आता वकील बदलला की नवा वकील अनेकदा नव्याने भाषांतर करून घेतो आणि इथे घोळ सुरू होतो. पहिल्या फाईलमध्ये गावाचं स्पेलिंग एक, दुसऱ्यात वेगळं. जुन्या नोंदीत तालुक्याचं नाव चांभारगोंदे, शाळेच्या दाखल्यावर श्रीगोंदे, पासपोर्टवर श्रीगोंदा. जिल्हा पासपोर्टवर अहमदनगर आणि २०२४ नंतर काढलेल्या दाखल्यावर अहिल्यानगर. शाळेत नाव 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. श्रीगोंद्यात यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. पण परदेशातला अधिकारी दोन फायली शेजारी ठेवून बघतो तेव्हा त्याला दोन वेगळी गावं, दोन वेगळे जिल्हे आणि कदाचित दोन वेगळी माणसं दिसतात. म्हणून आधीच्या वकिलाने नेमकं काय दाखल केलं होतं ते अक्षरशः बघितल्याशिवाय नव्याने काही दाखल करू नये. फरक असेलच तर तो लपवण्यापेक्षा नामांतराच्या राजपत्राच्या प्रतीसह एका पानात समजावून सांगितलेला चांगला.

आणि मूळ कागद वकिलाकडे पाठवायचेच कशाला, हाही प्रश्न आहे. यूएससीआयएसला बहुतेक वेळा साध्या प्रती चालतात. मूळ कागद मुलाखतीच्या वेळी लागतात. आई-वडिलांची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होणार असेल, तर ते कागद घरच्या कपाटातच असलेले बरे.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि 'आपले एजंट'

कॅनडात प्रतिनिधी नेमायला, बदलायला आणि काढायला एकच फॉर्म आहे, आयएमएम ५४७६. एका अर्जाला एकच प्रतिनिधी असतो, त्यामुळे नवा आला की जुना आपोआप बाजूला होतो. ऑस्ट्रेलियात हेच काम फॉर्म ९५६ करतो. ब्रिटनमध्ये सल्लागार सॉलिसिटर तरी असावा लागतो किंवा सरकारी नियामकाकडे नोंदवलेला तरी. हा नियामक जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी या नावाने ओळखला जातो.

फॉर्म सोपे आहेत. अडचण ही की श्रीगोंदा, दौंड, नगर, पुणे या पट्ट्यातून कॅनडाला जाणाऱ्या बऱ्याच मुलांचं प्रकरण वकिलाकडे नसतंच, ते एजंटकडे असतं. कॅनडाच्या कायद्यात पैसे घेऊन प्रतिनिधित्व करायचा अधिकार तिथल्या प्रांतांच्या वकील संघटनांचे सदस्य, क्युबेकचे नोटरी आणि परवानाधारक सल्लागार अशा मोजक्यांनाच आहे. परवानाधारकांची नोंदवही नोव्हेंबर २०२१ पासून एका स्वतंत्र कॉलेजकडे आहे आणि त्यातलं नाव कुणालाही ऑनलाइन तपासता येतं. जो एजंट त्या यादीत नाही, तो फॉर्मवर आपलं नाव घालतच नाही. अर्ज मुलाने स्वतः भरल्यासारखा दाखवतो, पण ईमेल, मोबाइल नंबर आणि पासवर्ड एजंटचा असतो. अशा वेळी बदलायला कागदोपत्री प्रतिनिधीच नसतो. पहिलं काम म्हणजे त्या खात्याचा ताबा घेणं, ईमेल आपला करणं आणि आपल्या नावाने काय काय लिहून दिलंय ते वाचणं.

ते वाचणं किती गरजेचं आहे हे २०२३ मध्ये दिसलं. कॉलेजच्या बनावट प्रवेशपत्रांवर कॅनडात गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांवर देशाबाहेर जाण्याची वेळ आली. यात जालंधरच्या एका एजंटचं नाव पुढे आलं आणि पुढे तो कॅनडात दोषी ठरला. अनेक विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं की पत्र खोटं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. कॅनडा सरकारने नंतर प्रकरणं एकेक करून तपासायचं ठरवलं आणि प्रामाणिक विद्यार्थ्यांना दिलासा दिला, पण तोवर काही घरांची झोप उडाली होती. तिथल्या कायद्यात खोटी माहिती दिल्यास पाच वर्षांची बंदी आहे, आणि अर्जावर सही अर्जदाराची असते, एजंटची नव्हे.

'नोटरी' या शब्दावरूनही फसगत होते. आपल्याकडे नोटरी म्हणजे बहुधा कोर्टासमोर टेबल टाकून बसलेला, दहाएक वर्षं वकिली केलेला माणूस. अमेरिकेत नोटरी पब्लिक म्हणजे फक्त सही खरी आहे हे बघणारा. तो वकील असेलच असं नाही आणि नसेल तर त्याने इमिग्रेशनचा सल्ला देणं बेकायदा आहे. 'इथल्या नोटरीकडून करून घेतलं' हे वाक्य फोनवर ऐकू आलं तर आई-वडिलांनी दोन प्रश्न जास्त विचारावेत.

जुन्याने घोळ घातला असेल तर?

वकिलाने मुदत चुकवली, चुकीचा फॉर्म भरला किंवा अर्जच दाखल केला नाही, अशी तक्रार इमिग्रेशन कोर्टात मांडायला अमेरिकेत ठरलेली रीत आहे. १९८८ च्या लोझाडा या प्रकरणात ती ठरली. अर्जदाराने आधी शपथेवर सांगायचं की वकिलाशी काय ठरलं होतं आणि त्याने काय केलं. मग त्या वकिलाला कळवून त्याचं म्हणणं मागायचं. आणि वकील संघटनेकडे तक्रार केली आहे का, नसेल तर का नाही, हे सांगायचं. नुसतं 'वकिलाने फसवलं' म्हणून भागत नाही. म्हणूनच जुन्या वकिलाशी झालेले ईमेल आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप रागाच्या भरात डिलीट करू नयेत. फी रोखीने दिली असेल तर पावतीही जपून ठेवावी.

जुन्याला 'नको' कळवायचं कधी, यावर बहुतेक जण घाई करतात. नव्या वकिलाने फाईल बघून होकार दिला, फीचा करार सही झाला, नवा जी-२८ गेला, मग जुन्याला ईमेलने कळवावं. आधी काढला आणि नवा मिळेपर्यंत महिना गेला, तर त्या महिन्यात येणारी नोटीस जुन्याच्या ऑफिसात पडून राहू शकते. घर बदललं असेल तर पत्ताही यूएससीआयएसला वेगळा कळवावा लागतो, तोही घर बदलल्यापासून १० दिवसांत. वकील बदलल्याने पत्ता आपोआप बदलत नाही, आणि ग्रीन कार्ड शेवटी पोस्टानेच येतं.